तीन नंबरची कॉइल पुन्हा पुन्हा उडते: ओरिजिनल की बाहेरची, हे ठरवण्याआधी

गायमुखच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने पहिला झटका दिला तेव्हा मला वाटलं, टायरखाली काहीतरी आलं. मग दुसरा, तिसरा, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा चेक लाइट मिचमिच करायला लागला. मागे कंटेनर, डावीकडे खड्डे, आणि गाडी जुन्या टेम्पोसारखी थरथरतेय. तिथून सव्वा वर्षात तीन नंबरच्या त्या एकाच सिलिंडरवर माझ्या तीन नव्या इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारे भाग, गेल्या. आता आहे ती चौथी, किंवा पाचवी पण म्हणता येईल, मोजणी कुठून सुरू करायची त्यावर आहे. म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

गाडी २०१४ ची, १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. नंतर सीएनजी किट बसवलेलं. मानपाडा ते महापे रोजचं जाणं-येणं, कळवा-विटाव्यावरून. गाडीबरोबर आलेली कॉइल ९२ हजार किलोमीटरला गेली, त्यात तक्रारीसारखं काही नाही. तिच्या जागी ७५० रुपयांची लोकल घातली, ती दिवाळीपर्यंत चालली. दुकानदाराने अर्ध्या पैशात दुसरी दिली, ती संक्रांतीला गेली. मग ऑफिसातल्या मंडळींनी यथेच्छ अक्कल शिकवली, "एवढी गाडी चालवतोस आणि कॉइलला कंजुषी?" वगैरे, आणि मी मुकाट्याने कंपनीच्या काउंटरवरून २,६४० रुपयांची ओरिजिनल आणली.

ती गणपतीत गेली. सात महिने.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ओरिजिनल की डुप्लिकेट हा वाद मी चुकीच्या टोकाने घालत होतो. लोकल कॉइल खराब होती हे खरंच, पण चांगली कॉइलसुद्धा तिथे टिकत नव्हती. एकाच सिलिंडरची कॉइल दोनदा गेली तर दोष बहुतेक वेळा त्या सिलिंडरच्या आसपास असतो, खोक्यात नसतो.

आता तुमचा त्रास याच जातीचा आहे का ते बघा. माझी लक्षणं अशी होती: उभी असताना गाडी जवळजवळ ठीक. पेट्रोलवर सपाट रस्त्याला ठीक. सीएनजीवर टाकून, एसी लावून, चढाला कमी आरपीएमवर दाबलं की मिसिंग, म्हणजे एका सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं चुकतं आणि गाडी झटके देते. किटवाला म्हणाला पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे, गॅरेजवाला म्हणाला किटचा आहे. तिसऱ्याने ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, ढकललं. आजकाल गाडीला शिंक आली तरी ई-२० ला शिव्या बसतात. पण माझी गाडी मिसिंग मारत होती गॅसवर, आणि गॅसमध्ये इथेनॉल नसतं, एवढं तरी मला कळत होतं.

गॅसवरच का, याचं उत्तर कॉइलच्या कामात आहे. कॉइल म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. आत जाड तारेचे शे-दोनशे वेढे, त्याच्याजवळ केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काही मिलिसेकंद जाड तारेतून १२ व्होल्टचा करंट सोडतो आणि झटकन तोडतो. तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात, चांगली कॉइल गरज पडल्यास २५ ते ४० हजारांपर्यंत जाते. "गरज पडल्यास" हे महत्त्वाचं. कॉइल दर वेळी पूर्ण ताकद लावत नाही, प्लगच्या फटीतून ठिणगी उडेपर्यंतच व्होल्टेज चढतं. फट मोठी असेल, सिलिंडरमध्ये दाब जास्त असेल, तर जास्त चढावं लागतं. म्हणून आयडलला बरी वाटणारी कॉइल घाटात मान टाकते. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोरी आधी गॅसवर दिसते. तुमची गाडी फक्त गॅसवर मिसिंग मारत असेल तर किट उघडण्याआधी प्लग आणि कॉइल बघा.

आणि ठिणगीला प्लगमधून जाता आलं नाही तर? चढलेलं व्होल्टेज कुठेतरी जाणारच. बूट, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतची रबरी नळी, फोडून इंजिन हेडच्या धातूकडे जाईल, नाहीतर कॉइलच्या आतलंच इन्सुलेशन फोडेल. कॉइल "उडते" म्हणतात ती बहुतेक अशी.

तपासायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. आधी स्कॅनर. गाडीच्या स्कॅनर-सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल आणि मोबाइलवरचं ऍप असलं तरी चालतं. पी०३०३ म्हणजे तीन नंबरला मिसफायर, पी०३५३ म्हणजे तीन नंबरच्या कॉइलचं सर्किट. पी०३०० आला तर मिसफायर एका जागी नाही, मग हवा कुठून खेचतेय, फ्युएल प्रेशर किती, हे बघावं लागेल, कॉइलचा विषय मागे राहील. कोड मिळाला की इंजिन बंद करा, तीन नंबरची कॉइल एक नंबरला आणि एकची तीनला बसवा, कोड उडवा आणि एक चढ मारून या. माझ्यासाठी तो चढ गायमुखचा, तुमच्याकडे पारसिकच्या बाजूचा असेल. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर कॉइलला दोष देऊ नका. प्लग, बूट, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन या क्रमाने उतरा. या अदलाबदलीला एक छदाम लागत नाही, तरी माझ्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी ती केली नव्हती. दोघांनी कोड बघून सरळ कॉइल मागवली.

एक करू नका: चालू इंजिनवर कॉइल प्लगवरून उपटून बघू नका. जुन्या गाड्यांत प्लगवायर ओढून बघायची सवय लागलेले मेकॅनिक अजून हे करतात. झटका बसेल तो बसेलच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने चांगली कॉइल आणि ईसीएममधला तिचा ड्रायव्हर (तिचा करंट सोडणारा-तोडणारा स्विच) दोन्ही जाऊ शकतात. बघायचंच असेल तर कॉइलचा कपलर, म्हणजे वायरिंगचा प्लॅस्टिकचा जोड, काढा, तेही क्षणभर. आणि चेक लाइट लुकलुकत असेल तर पाय हलका करून गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो जळाला की कॉइलचा खर्च चिल्लर वाटायला लागतो.

मल्टिमीटरबद्दल थोडं. माझी कॉइल दोन पिनांची आहे, म्हणून मोजता येते. चांगल्या कॉइलच्या दोन पिनांमध्ये ०.८ ओम, आणि बूटातल्या स्प्रिंगपासून पिनेपर्यंत ९ किलोओमच्या आसपास मिळाले. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमधले घ्या, माझे नकोत. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा, नाहीतर अर्ध्या ओमचा गोंधळ होतो. कॉइल तीन किंवा चार पिनांची असेल तर तिच्या आतच बहुतेक वेळा इग्नायटर, म्हणजे तोच करंट तोडणारा स्विच, बसवलेला असतो, तिथे ओम मोजून काही कळत नाही. काही कॉइलमध्ये बारीक तारेच्या बाजूला डायोड असतो, मीटर तिथे "ओपन" दाखवतो आणि माणूस चांगली कॉइल फेकून देतो. उलटही होतं. गार असताना आकडे बरोबर, गरम झाली की मिसिंग. माझी दुसरी लोकल कॉइल तशीच होती. बायकोच्या हेअर ड्रायरने दहा मिनिटं तापवली तेव्हा कुठे मीटरचा आकडा पळायला लागला. (ड्रायर परत जागेवर ठेवा.)

तर गणपतीनंतर ओरिजिनलही मेली, तेव्हा मी कळव्याच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. मी चारही मेलेल्या कॉइल पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या, एखादं प्रदर्शन भरवावं तशा. त्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"त्या ठेव बाजूला. प्लग काढून दाखव."

प्लग काढायच्या आधी त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरला फडकं गुंडाळून तीन नंबरचा प्लग बसतो त्या खळग्यात घातलं आणि बाहेर काढलं. फडक्याचं टोक काळं, ओलसर. वास घेतला: इंजिन ऑइल. बाकीच्या तीन खळग्यांतून फडकं कोरडं आलं. मग प्लग निघाला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढावी तशी एक करडी रेघ. बूट उलटा करून आत टॉर्च मारला तर त्याच जागी आतून तशीच रेघ. ठिणगी फटीतून न जाता बाहेरून सरकत होती, त्याची ती पायवाट. तेलाने बूटाचं रबर मऊ होऊन तोंडाशी फुगलं होतं, बोटाने दाबलं तर बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं लागत होतं.

अण्णांनी फट मोजायचा फिलर गेज काढला. १.३ मिलिमीटर फट. गॅससाठी माझ्या मॅन्युअलमध्ये ०.८ दिलीय. सीएनजीवर प्लग जास्त तापतो, टोकं लवकर झिजतात, फट वाढत जाते. हे प्लग मी शेवटचे कधी बदलले ते मला आठवेना. तीन कॉइल बदलल्या, प्लग एकदाही नाही.

पण तेल आलं कुठून? मी म्हटलं, टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग तर वर्षापूर्वीच बदललं होतं, बिल आहे. अण्णा हसले. कव्हर उघडलं. बाहेरच्या कडेचं लांब पॅकिंग खरंच नवं होतं. पण प्लगच्या चार नळ्यांभोवती चार गोल सील असतात, ती जुनीच ठेवलेली. तीन नंबरचं नखाने टोकरलं तर बिस्किटासारखं तुटलं. म्हणजे बाहेर तेल गळत नव्हतं म्हणून मी निर्धास्त, आणि आत थेंब थेंब करत कॉइलच्या पायाशी तेल साचत होतं. काही इंजिनांत ही सील पॅकिंगबरोबर येतात, काहींत वेगळी घ्यावी लागतात. दुकानात "टॅपेट पॅकिंग" मागितलं की बाहेरचंच देतात. "प्लग सीलसकट" असं तोंडाने सांगा.

इथपर्यंत दुरुस्ती झाल्यावरच कोणती कॉइल या प्रश्नाला अर्थ येतो. बाजारात खोकी चार जातींची मिळतात, आणि लोक त्यातल्या दोनच धरतात.

पहिली, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातली. दुसरी, जिने ती कॉइल गाडीच्या कंपनीला बनवून दिली त्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातली. गाडीच्या कंपन्या कॉइल सहसा स्वतः बनवत नाहीत. डेन्सो, बॉश, हिताची, डेल्फाय, डायमंड इलेक्ट्रिक असे पुरवठादार असतात. तिसरी, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीची, त्याच मापाची पण तिच्या स्वतःच्या डिझाइनची. चौथी, माझ्यासारख्याने ७५० ला घेतलेली, आणि तिचीच जुळी बहीण: नामांकित खोक्याची नक्कल. "बाहेरची" म्हणताना दुकानदार दोन नंबरपासून चार नंबरपर्यंत काहीही देऊ शकतो.

चार नंबरची का नको हे मला घरीच दिसलं. मेलेली ओरिजिनल आणि लोकल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या: एक २०८ ग्रॅम, दुसरी १७१. बाहेरून डिट्टो. फरक आतला, तांबं आणि लोखंडी गाभा कमी. लोकलच्या पिनांमध्ये ०.५ ओम लागले. वेढे कमी म्हणजे करंट भराभर चढतो, पण ईसीएमला ते ठाऊक नसतं. तो जुन्याच हिशेबाने तितकेच मिलिसेकंद करंट सोडतो. कॉइल तापते, भरलेलं रेझिन तडकतं. माझ्यासारख्या दोन पिनांच्या कॉइलमध्ये ड्रायव्हर ईसीएमच्या आत असतो, तोही त्याबरोबर तापतो. कॉइल गेली तर हजार-दोन हजार. ईसीएमचा ड्रायव्हर गेला तर तो कॉइलच्या पैशात येत नाही. स्वस्त कॉइलची मला भीती आहे ती या कारणाने, लवकर जाईल म्हणून नव्हे.

मी शेवटी दुसऱ्या जातीची घेतली. मेलेल्या ओरिजिनलच्या अंगावर, प्लॅस्टिकमध्येच उठवलेलं पुरवठादाराचं नाव आणि नंबर होता. तो नंबर घेऊन ठाण्यात स्टेशनजवळच्या दोन आणि तुर्भ्यातल्या एका दुकानात फिरलो. तिसऱ्या ठिकाणी त्याच पुरवठादाराच्या खोक्यात १,७८० ला मिळाली. कॉइल तीच, साचा तोच, फक्त गाडीच्या कंपनीचा शिक्का नाही. वजन २०७ ग्रॅम भरलं. दुकानदार काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता, पण मी घरून छोटा काटा नेला होता त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

हाच सल्ला सगळ्यांना देणार नाही. आत इग्नायटर असलेली तीन-चार पिनांची कॉइल असेल किंवा टर्बो पेट्रोल असेल, आणि पुरवठादाराचं खोकं मिळत नसेल, तर डोळे झाकून कंपनीची घ्या. गाडी बारा-पंधरा वर्षांची, फक्त पेट्रोलवर, स्टेशन ते घर फिरणारी असेल तर तिसऱ्या जातीची, नावाजलेल्या कंपनीची, आकडे जुळणारी कॉइल चालून जाते. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून काढलेली ओरिजिनल? नको. तिने किती घाट बघितलेत ते तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

खोक्यावर छापील किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, आणि बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता असायलाच हवा. नसेल तर खोकं परत ठेवा. खोक्यावरचा नंबर आणि कॉइलवरचा नंबर एकमेकांशी ताडून बघा, शेवटच्या अक्षरापर्यंत. बिल जीएसटीचं घ्या, त्याशिवाय वॉरंटीला कोणी विचारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावरचा टक्काही वाचा.

चारही बदलायच्या का? माझ्या मते नाही. एक कॉइल, पण प्लग चारही आणि सील चारही. काढलेली एखादी चांगली कॉइल असेल तर डिकीत टाकून ठेवा.

बसवताना: प्लग काढायच्या आधी खळग्यात हवा मारा, नाहीतर तिथली सगळी रेती सिलिंडरमध्ये जाते. तेल पेट्रोलच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. प्लग गार इंजिनवर, आधी हाताने फिरवत. इरिडियम प्लगची फट नाण्यासारख्या गोल गेजने उघडायला जाऊ नका, बारीक टोक मोडतं. सिलिकॉनची डायइलेक्ट्रिक ग्रीस बूटाच्या तोंडाला आतून पातळ हात फिरवल्यासारखी, स्प्रिंगला नाही. वरचा १० नंबरचा बोल्ट पाना आवळून आवळून मारू नका, कॉइलचा प्लॅस्टिकचा कान तडकतो. पण बोल्ट गायब ठेवूही नका. माझ्या पहिल्या गॅरेजवाल्याने तो परत लावलाच नव्हता, कॉइल नुसती बूटावर उभी होती आणि खड्ड्यांत डुलत होती.

पावसाळ्यापुरतं वेगळं सांगतो, कारण जुलैत निम्म्या कॉइल उगाच बदलल्या जातात. विटाव्याच्या सबवेत पाणी साचलेलं असताना गाडी घातली किंवा सर्व्हिस सेंटरला इंजिन प्रेशरने धुतलं, आणि त्यानंतर मिसिंग सुरू झालं, तर कॉइल मागवू नका. चारही कॉइल उपसा, खळग्यांत हवा मारा, बूट वाळवा, कपलरच्या पिना बघा, हिरवट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. पार्किंगवर गुलमोहर असेल तर वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पाण्याचा निचरा बंद होतो आणि पाणी थेट इंजिनवर ठिबकतं. ती जाळी मेच्या अखेरीस हाताने साफ करा.

नवी कॉइल दसऱ्यानंतर बसवली. तिच्या डोक्यावर पांढऱ्या मार्करने तारीख आणि १,०८,३०० लिहून ठेवलंय. दर हजार किलोमीटरला बोल्ट काढून खळग्यात तेच फडकं घालतो. आतापर्यंत कोरडं येतंय. कपलरचं लॉक मात्र या सगळ्या काढघालीत तुटलं. सध्या झिप टायने बांधलंय, नवा कपलर मागवलाय.